ओल्या पोत्यावरचा मार्का

डिसेंबरातलं धुकं रायपूरच्या पुरानी बस्तीच्या गल्लीत असं दाटून बसलं होतं, की दूधवाल्याची घंटी आधी यायची आणि दूधवाला मागून. प्रमोदिनीबाई दबीर गच्चीवर रखिया किसत होत्या. रखिया म्हणजे आपला कोहळा. त्याचा कीस पिळून वाटलेल्या उडदाच्या डाळीत मिसळायचा, मनगट दुखेपर्यंत फेसायचा आणि जुन्या धोतरावर बड्या, म्हणजे आपले सांडगे, घालायच्या, हे त्यांचं दर हिवाळ्याचं काम. त्याला कडक ऊन लागतं. ऊन नव्हतं. म्हणून बाई उन्हाशी बोलत होत्या.

"निघ ना रे बापा! का तुलेबी शाल-नारळ देऊन बोलवू?"

प्रमोदिनीबाईंच्या जिभेतून सुटलेला माणूस शोधून सापडला नसता. वरुडकडून लग्न होऊन त्या रायपुरात आल्या. सासरचे दबीर भोसल्यांच्या सुभ्याबरोबर नागपुराहून आलेले, आणि ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी सांगत. नव्या नवरीनं एकदा ती पूर्ण ऐकून घेतली आणि सासऱ्याला विचारलं, "सुभा परत गेला तवा तुमी काहून मागं राहिले जी? गाडी चुकली का?" सासरे पुढं बरेच दिवस तिच्या हातचं पाणीही प्याले नाहीत. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. पाणी वाचलं म्हणाल्या.

मग छत्तीसगड वेगळं निघालं आणि रायपूर राजधानी झालं. सदर बाजारातल्या कापडवाल्यांनी पाट्यांवर 'राजधानी' लिहून घेतलं. बाई भाजी घ्यायला जात आणि मान वर करून पाट्या वाचत. "राजधानी साडी, राजधानी भोजनालय, राजधानी चप्पल. काल जे चप्पल विकून राहिला होता तोच आहे, चप्पलबी तेच आहे. राजधानी कुठं आली, टाचेत का पंजात?"

अशा बाईच्या संसारात अनंतराव टिकले, कारण ते रेल्वेत मालधक्क्यावर बुकिंगच्या टेबलाशी आयुष्यभर बसले होते. हमालांची बोंब, वॅगनचा खडखडाट आणि व्यापाऱ्यांची भांडणं ऐकून ऐकून माणसाच्या आवाजाचं त्यांना विशेष काही वाटत नसे. घरात बोलायचं काम बाईंकडे आणि ऐकायचं त्यांच्याकडे. निवृत्त झाल्यावर तर ते पूर्णवेळ ऐकत.

त्या सकाळी ते मफलर गुंडाळून गच्चीवर आले आणि खुर्चीत बसून मनगट खाजवायला लागले. मग पोटरी. मग पाठ, खुर्चीच्या काठावर घासून.

"म्हशीसारखे काहून घासून राहिले?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"रातभर खाज सुटून राहिली वो. झोप नाही लागली."

तेवढ्यात धुक्यातून थोडं ऊन सांडलं. बाईंनी एकदाची मान वर केली, आणि हातातली किसणी तशीच राहिली.

"तोंड इकडं करा. डोळे पाहू. … अहो, हे काय? हळदीत बुडवून आणले का?"

अनंतरावांचे डोळे पिवळे होते. तळहात पिवळे होते. लघवी चहासारखी होऊन राहिली आहे, पँट ढिली पडून राहिली आहे, हे त्यांनी तेव्हा सांगितलं, आणि पोट तर अजिबात दुखत नाही, हे असं अभिमानानं सांगितलं जसं काही त्यात त्यांची कामगिरी होती.

दुपारपर्यंत बातमी समता कॉलनीत पोचली आणि तिथून यज्ञेश्वर आला.

यज्ञेश्वर हा अनंतरावांचा धाकटा भाऊ. समता कॉलनीत दवाखान्यांच्या रांगेत त्याचं एक दुकान होतं, 'यज्ञेश पॅथो पॉइंट'. तिथं तो लोकांचं रक्त काढून बाटल्या मोठ्या लॅबला पाठवायचा आणि तिकडून आलेला कागद लोकांच्या हाती द्यायचा. पोस्टमन चिठ्ठी आणतो तसं. पण पोस्टमन चिठ्ठी फोडून "तुमच्या मामाचं काही खरं नाही" असं सांगत नाही. यज्ञेश्वर सांगायचा. पांढरा कोट घालून, चष्मा कपाळावर चढवून, कागदावर पेनानं गोल काढून सांगायचा. गल्लीतले लोक त्याला 'डॉक्टर भैया' म्हणत, आणि त्यानं आजवर एकाचीही ही चूक दुरुस्त केली नव्हती. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडून दिलेला माणूस, पण 'बेसिकली' म्हटल्याशिवाय त्याला शिंकसुद्धा येत नसे.

"बेसिकली वहिनी, हा पीलिया आहे. कावीळ," तो म्हणाला.

"हे तर दूधवालाबी सांगून गेला भाऊजी."

यज्ञेश्वरनं दादाचं रक्त काढलं, आणि मग खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत बारीक ओल्या काड्यांच्या दोन माळा होत्या, सुती धाग्यात गाठी मारून ओवलेल्या. झाडफूक करणाऱ्या नत्थू बैगाकडून त्यानं त्या आणल्या होत्या. गळ्याशी घट्ट बसेल अशी माळ घालायची. पीलिया जसा उतरतो तशी माळ लांबत लांबत छातीवर, पोटावर येते, असं सगळं रायपूर मानतं.

बाई पाहत राहिल्या. एका हातात सुई, दुसऱ्या हातात माळ. "वा भाऊजी! दोन्हीकडून उभे राहिले तुमी. सरकार कोणाचंबी येवो, मंत्री तुमीच."

"वहिनी, श्रद्धा बी सायन्सच असते."

"मग दोन काहून आणल्या? एक तुमाले का?"

"एक तुटली तर."

अनंतरावांनी माळ घालून घेतली. दुसरी बाईंनी स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला अडकवली, फेकली तर भाऊजी रुसतील म्हणून नव्हे, तर कचऱ्याचा डबा आधीच भरला होता म्हणून.

मुलगी ऋता एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिला मराठी सगळं समजे, पण उत्तर हिंदीतच येई. तिनं काकांचं ऐकून घेतलं, आजीच्या फोटोला नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना मोठ्या दवाखान्यात नेऊन पोटाचे फोटो काढून आणले. परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आवाज मात्र सरळ होता.

"मम्मी, पैंक्रियाज में छोटी सी गांठ है. उसने पित्त की नली दबा दी है, इसलिए पीलिया हुआ. सर्जन बोले, जल्दी पकड़ में आ गया. आसपास की नसों को छुआ नहीं है. पहले नली में एक पाइप डालेंगे, पित्त उतर जाए, फिर ऑपरेशन."

"हे पॅन्क्रियाज कुठं असते?"

"पेट के पीछे. स्वादुपिंड."

"इतकी वर्षं पोटात भाडेकरू होता आन् कोणी सांगितलं नाही," बाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्यांनी डाळीत मीठ दोनदा टाकलं आणि सगळ्यांनी ती तशीच खाल्ली.

कॅन्सर हा शब्द घरात कोणी उच्चारला नव्हता. तो यज्ञेश्वरनं उच्चारला, आणि तोही कागद फडकावत. दादाचं जे रक्त नेलं होतं, त्यातून त्यानं आपल्या मनानं एक तपासणी जादा करून घेतली होती.

"हा ट्यूमर मार्कर आहे दादा. कॅन्सरचा. सी.ए. नाइन्टीन नाइन. नॉर्मल पाहिजे सदोतीसच्या आत. तुमचा आहे," त्यानं पेनानं गोल काढला, "अकराशे चाळीस."

त्यानं त्या गोलावर आणखी एक गोल काढला.

"बेसिकली, हा रोग रक्तात किती फैलला ते हा मार्कर सांगते. इतका मार्कर म्हणजे ऑपरेशनचा काही फायदा नाही. मी लई केसेस पाहिल्या. चिरफाड करून माणूस उलटा लवकर जाते. सहा महिने आहेत, घरात आरामात राहा, गोड खा."

"पाहिल्या म्हणजे?" बाई म्हणाल्या. "तुमी तर माणसाची नुसती दंडाची नस पाह्यता भाऊजी. माणूस कुठं पाह्यला तुमी?"

पण अनंतराव ऐकत नव्हते. ते त्या गोलाकडे पाहत होते.

आता इथं अनंतरावांच्या डोक्यात काय झालं ते सांगायला पाहिजे, कारण ही चूक मालधक्क्यावरचा माणूसच करू शकतो. धक्क्यावर आलेल्या प्रत्येक पोत्यावर शाईनं खूण मारतात, माल कोणाचा आणि कुठं जायचा याची. त्या खुणेला म्हणतात मार्का. मार्का लागला, पावती फाटली, की माल बुक झाला. मग व्यापारी रडो, पडो, त्या पोत्याला दुसरीकडे नेता येत नाही. आयुष्यभर त्यांनी हाच कायदा पाळला होता. यज्ञेश्वर म्हणाला 'मार्कर' आणि त्यांना ऐकू आलं 'मार्का'.

"मार्का लागला ना रे यग्या," ते शांतपणे म्हणाले. "मग आता कायची धावपळ. माल बुक झाला."

पाइप टाकून घ्यायला ते तयार झाले, ते फक्त खाजेपायी. तोंडातून दुर्बीण घालून नळीत पाइप बसवला, आणि हळूहळू रंग उतरत गेला. डोळे पांढरे झाले, झोप लागायला लागली, तोंडाला चव आली. दवाखान्यातून ऑपरेशनसाठी बोलावणं आलं. आणि अनंतराव म्हणाले, "मी नाही येत."

ऋता रडली. "पापा, सर्जन बोल रहे हैं अभी छोटा है. रुकेंगे तो बढ़ेगा. समझ रहे हो?"

"हव बेटा. समजून राहिलो. पण बुक झालेला माल सोडवत नाही कोणी."

बाईंनी आपलं एकुलतं हत्यार काढलं. भाऊजी सुईवाला आहे, भाऊजीला काही समजत नाही, भाऊजी गुळाच्या ढेपेला ताप आला तर रक्त काढील, असं त्या सकाळ-संध्याकाळ बोलत राहिल्या. अनंतराव ऐकत राहिले. शेवटी एका दुपारी ताट सरकवून ते म्हणाले, आणि चिडून नव्हे, थकून म्हणाले:

"प्रमोदिनी, तू यग्यालेबी हिणवते, पाटीवाल्यालेबी हिणवते, उन्हालेबी हिणवते. माह्या बापाले हिणवलं तू. आता तू म्हणते यग्या खोटा आहे. असन. पण तुह्या तोंडी कोण खरा झाला आजवर? मले कसं समजावं?"

  ताट उचलून बाई मोरीत गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ऋताला न सांगता सायकल रिक्षानं दवाखान्यात गेल्या. सर्जन बारीक अंगाचा, टक्कल पडलेला, वर न पाहता बोलणारा माणूस. त्याचे बूट बाईंना आवडले नाहीत. टाय तर मुळीच आवडला नाही. माणूस बैल आहे का दावं बांधून ठेवायला, असं त्यांच्या मनात आलं. पण तोंड आवरून त्यांनी यज्ञेश्वरचा कागद टेबलावर ठेवला.

"डॉक्टरसाब, सीधा बोलना. ये नंबर इतना है तो आदमी गया क्या?"

सर्जननं कागद पाहिला. "माताजी, ये कब का है? पीलिया था तब का?"

"हां."

"तो ये मेरे काम का नहीं." त्यानं कागद बोटानं परत सरकवला, जसा कोणी ताटातला केस सरकवतो.

कागदाचा इतका अपमान बाईंनी स्वतःसुद्धा केला नव्हता. माणूस त्यांना एकदम बरा वाटायला लागला. त्या खुर्ची ओढून बसल्या.

सर्जननं समजावलं ते असं. हा पदार्थ पित्ताबरोबर वाहून जातो. पित्ताची वाट तुंबली की तो रक्तात साचतो. साध्या खड्यानं नळी बंद झाली, तरी आकडा शेकड्यांत जातो. म्हणून आधी पीलिया उतरू द्यायचा, मग मोजायचा. तेव्हाही तो खूप जास्त निघाला, तर शंका धरायची की रोग फोटोत दिसतो त्याहून पुढं सरकला असेल. मग आधी औषधं, ऑपरेशन नंतर. कमी निघाला तर आशा जास्त. ऑपरेशननंतर खाली येऊन तिथंच राहिला तर आणखी चांगलं.

"मतलब कम आया तो आदमी पक्का बचेगा?"

"पक्का नहीं. कुछ लोगों के खून में ये बनता ही नहीं. बीमारी अंदर, और नंबर एकदम बढ़िया."

"फिर ये है किस काम का?"

"अंदाजा देता है माताजी. वादा नहीं देता." मग पहिल्यांदा त्यानं वर पाहिलं. "पर देर मत करना. अभी निकल सकता है."

बाई घरी आल्या तेव्हा यज्ञेश्वर बसला होता. शेजारपाजारचे दोघं-तिघं दादाला पाहायला आले होते, आणि यज्ञेश्वर त्यांना गळ्यातली माळ दाखवत होता. माळ खरंच लांबली होती. गळ्याशी घट्ट होती ती आता पोटावर लोंबत होती.

"पाहा. सगळा पीलिया ओढून घेतला. डोळे पाहा दादाचे, दुधावानी."

"आन् नळीत पाइप टाकला ते?" बाईंनी चपला काढत विचारलं.

"ते सपोर्टिव्ह असते वहिनी."

बाई स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्या. पेला घेताना दार हललं आणि दारामागं काहीतरी खसखसलं. त्यांनी वळून पाहिलं. खिळ्याला अडकवलेली दुसरी माळ. आणलेल्या दिवशी ती वीतभर होती. आता खिळ्यापासून लोंबून पार कडीच्या खाली आली होती. बाईंनी ती हातात घेऊन पाहिली. काड्या वाळून सुतासारख्या झाल्या होत्या आणि प्रत्येक गाठ सैल पडली होती.

त्या पाणी न पिताच बाहेर आल्या आणि माळ यज्ञेश्वरच्या मांडीवर टाकली.

"हे कोणाची आहे सांगा भाऊजी."

"हे … जादावाली."

"हे आमच्या खिळ्याच्या गळ्यात होती. दादाच्या माळेसोबत लावा मापाले. लावा ना! एकसारखी लांब आहे. आता मले सांगा, खिळ्याले कोणता पीलिया झालता?"

शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला. यज्ञेश्वरनं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला, माळ उलटी-पालटी पाहिली. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता.

"बेसिकली वहिनी, किचनमधी हळद असते ना. हवेत."

 अनंतरावांच्या पोटातून कसलासा आवाज आला. लोकांना वाटलं उबळ आली. ते हसत होते. पाइप टाकलेल्या पोटावर हात दाबून, डोळ्यांत पाणी येईतो हसत होते. "हळद!" ते म्हणाले. "खिळ्याले हळद लागली! लगन ठरलं का रे त्याचं?"

हसू ओसरल्यावर त्यांनी आपल्या गळ्यातली माळ काढली आणि खिळ्याच्या माळेला लावून पाहिली.

"यग्या, तो रक्ताचा मार्का तू कधी घेतला होता?"

"पहिल्याच दिवशी दादा. मी टाइम वाया घालवत नाही."

"म्हणजे मी पिवळा होतो तवा."

"हव, पण मार्कर तर मार्करच …"

"डॉक्टर म्हणते तो कागद त्याच्या कामाचा नाही," बाई मध्येच बोलल्या. "पित्त तुंबलं की आकडा फुगते म्हणते. खड्यानंबी फुगते." आणि मग, नेहमीप्रमाणे आणखी पाच-सहा वाक्यं यायला पाहिजे होती, ती आली नाहीत. 

अनंतरावांनी मान हलवली. बायकोकडे नाही, भावाकडेही नाही, समोरच्या भिंतीकडे पाहत ते बोलायला लागले.

"पावसात धक्क्यावर पोते भिजत. हमाल घाईनं ओल्यावरच मार्का मारे. शाई पसरे. 'भा'चा 'मा' होये, एक अक्षराचे दोन दिसत. भाटापाऱ्याचा तांदूळ पार भलतीकडं जाये. मी पोट्ट्याईले सांगो, ओल्या पोत्यावर मार्का मारू नका. मारला असन तर वाचू नका. वाळू द्या, पुन्हा मारा." त्यांनी भावाकडे पाहिलं. "तू ओल्यावर मारला यग्या. आन् वाचलाबी."

"दादा, मेडिकल लाइन वेगळी …"

"माहा ओलावा आता गेला. पुन्हा रक्त काढू. तुह्या दुकानात नाही. दवाखान्यात."

यज्ञेश्वर उठला. दारापर्यंत गेला, परत येऊन आपलं पेन उचललं आणि गेला. दोन्ही माळा तिथंच राहिल्या. बाईंनी त्या उचलून कचऱ्यात टाकल्या. या वेळी डबा रिकामा होता.

दवाखान्यातल्या रक्ताचा कागद आला. एकशे अठरा. इतक्यावर ऑपरेशन करू, असा सर्जनचा निरोपही आला. यज्ञेश्वरला कोणी सांगितलं कोण जाणे, त्याचा लगेच फोन आला. "तरी नॉर्मलच्या तिप्पट आहे दादा. मी म्हणलो होतो."

"हव. जास्त आहे," अनंतराव फोनवर म्हणाले. "पण आता वाचता येते." आणि फोन ऋताच्या हातात देऊन म्हणाले, "बेटा, माह्या बॅगेत टॉवेल टाक. आन् दाढीचं सामान."

बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी टॉवेल आधीच टाकला होता.

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकावर नातेवाइकांची गर्दी झाली, आणि गर्दीत जितकी तोंडं तितके वैद्य. एकानं कोरफड सांगितली, एकानं गोमूत्र, एकीनं दूरच्या आत्याचा किस्सा सांगायला घेतला, जिच्यावर हेच ऑपरेशन झालं आणि. "आणि काय?" बाईंनी विचारलं. बाईंचं तोंड पाहून ती 'आणि'वरच थांबली.  यज्ञेश्वर पांढरा कोट घालून आला होता. वॉर्डबॉयनं त्याला दवाखान्यातलाच नवा माणूस समजून एक स्ट्रेचर सरकवायला सांगितलं, ते त्यानं अगदी कोपऱ्यापर्यंत सरकवून दिलं. त्याच्या सबंध जन्मात वैद्यकीय उपयोगाचं एवढंच काम त्याच्या हातून झालं, असं बाई पुढं प्रत्येकाला सांगत असत.

सर्जन बाहेर आला तेव्हा त्याच्या गळ्यात टाय नव्हता. "निकल गया," तो म्हणाला. "किनारे साफ दिख रहे हैं. बाकी रिपोर्ट आएगी." बाईंनी त्याला नमस्कार केला. आयुष्यात त्यांनी मनापासून केलेले नमस्कार मोजायचे म्हटलं तर एका हाताची बोटं उरली असती.

नंतरचे दिवस काही गोड नव्हते. अनंतराव वाळून काटकी झाले. जेवणाबरोबर गोळ्या, जेवणानंतर गोळ्या, मग सलाइनमधून येणारं ते औषध, ज्यानं तोंडाला लोखंडाची चव येई. ते जेवताना ताटाकडे असे पाहत जसे काही ते ताट त्यांच्याकडे उधारी मागायला आलं आहे. बाई त्यांना घासागणिक बोलत. "खा. सुभेदाराच्या पंगतीत बसले नाही तुमी. नाक मुरडू नका."

मार्च संपत आला. गावाकडून चिंचेचं पोतं आलं होतं आणि बाई अंगणात पाट मांडून चिंच फोडत बसल्या होत्या. ऋता दवाखान्यातून नवा कागद घेऊन आली. "पापा, चौबीस. सैंतीस के अंदर." तिचा आवाज या वेळी सरळ राहिला नाही.

अनंतराव खाटेवर उठून बसले. "म्हणजे सुटलो का?"

"डॉक्टर म्हणते चांगली खूण आहे. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू म्हणते," बाई म्हणाल्या. हे त्यांनी कागद न पाहताच सांगितलं. हाच प्रश्न त्यांनी सर्जनला आधीच विचारून ठेवला होता, आणि त्यानं या वेळीही 'वादा' दिला नव्हता.

"म्हणजे सुटलो नाही."

"धक्क्यावर आहा. उभे राहा सध्या."

 अनंतरावांना ते पटलं असावं, कारण ते पुन्हा आडवे झाले आणि पायावर चादर ओढून घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. ऋतानं उचलला आणि आईपुढं धरला. यज्ञेश्वर होता. आवाज असा की जसं काही गाठ त्यानंच काढली. "वहिनी, चोवीस! एकदम नॉर्मल! मी पहिल्या दिवशीच म्हणलो होतो ना, दादाले काही होत नाही! पेढे घेऊन येऊन राहिलो. बेसिकली …"

"या भाऊजी," बाई म्हणाल्या. "पण कोट घालून नका येऊ. धुणं वाढते."

फोन ऋताच्या हातात गेला. बाईंनी पोत्यातून चिंचेचं एक बोटुक उचललं, पाटावर ठेवून बत्त्यानं हलकेच ठोकलं, टरफल बाजूला केलं, शिरा ओढून काढल्या आणि आतले चिंचोके वाटीत टाकले. मग दुसरं उचललं.